गाडीची म्होरकी

तुर्गुनालीच्या तबेल्यात आता एकही घोडा नाही, पण भिंतीवर म्होरक्या आहेत. विकलेल्या प्रत्येक घोड्याची एक, खिळ्याला टांगलेली. आमच्या नारिनमध्ये जनावर विकताना म्होरकी देत नाहीत. घोडा जातो, म्होरकी घरी राहते आणि तिच्याबरोबर घरची बरकतही राहते. हे सगळेच पाळतात, पण बाकीचे लोक त्याबद्दल गप्प असतात. तुर्गुनाली मात्र चहाला आलेल्या प्रत्येकाला तबेल्यात नेतो, एकेका म्होरकीखाली उभा राहतो आणि कोणत्या घोड्याला किती पैसे काढले ते सांगतो. त्याची बायको होती तोवर ती मागे उभी राहून खऱ्या किमती सांगायची. ती गेल्यापासून घोड्यांच्या किमती वाढत चालल्या आहेत.

आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत आहे, त्यामुळे मला हे सगळं पाठ आहे. कधीकाळी तो लोकर खरेदी केंद्राचा प्रमुख होता. केंद्र बंद पडलं, प्रमुख मात्र अजून चालू आहे.

मी शाळेत मुगालिम, म्हणजे शिक्षिका, होते आणि त्याची मुलगी बातमा माझ्या वर्गात होती. प्रश्न विचारणारी मुलगी. पुढे ती मॉस्कोला गेली, तिथे दुसऱ्यांच्या कचेऱ्यांमधल्या फरशा पुसल्या आणि त्या पैशांतून बिश्केकच्या बाजारातली एक पांढरी जपानी गाडी घेतली. ती स्वतः परदेशात, म्हणून कागद बापाच्या नावावर झाले. एवढंच कारण. पण गाडी अंगणात आली त्या दिवसापासून तुर्गुनाली ‘माझी गाडी’ म्हणू लागला. प्रत्येक लग्नाला तो ती घेऊन जायचा आणि दारासमोर अशी आडवी लावायचा, की पाहुण्यांना तिच्या आरशाला वळसा घालून आत शिरावं लागायचं.

बातमा कायमची परत आली ती एक बेत घेऊन. शाळेच्या शेजारची खोली तिने भाड्याने घेतली. तिथे नानचं दुकान काढायचं. बिश्केकमध्ये एक मोठी विजेची भट्टी बघून ठेवली आणि साठवलेलं होतं नव्हतं ते सगळं आगाऊ देऊन टाकलं. भट्टीवाल्याने सांगितलं की महिना संपेपर्यंत थांबतो, उरलेले पैसे आले नाहीत तर भट्टी दुसऱ्याला जाईल आणि आगाऊ रक्कम परत मिळणार नाही. उरलेले पैसे म्हणजे ती गाडी. साडेसहा लाख सोमची गाडी नारिनमध्ये कोण घेणार? म्हणून तिने फोनवरून जाहिरात टाकली.

“जाहिरात तू टाकलीस, ठीक आहे,” तुर्गुनाली म्हणाला. “पण बोलणी मी करणार. नंबर माझा दे.”

“आबा, हे दूरचे लोक असतील. तिथे फसवाफसवी चालते.”

“मला? मला फसवणार?” त्याने तबेल्याकडे बोट दाखवलं. “जाऊन मोज.”

गाडी कागदावर त्याची होती. बातमाने जाहिरातीतला नंबर बदलला.

पहिला फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडेच चहाला होते. फोन एका बाईचा होता. सैराकान नावाची, तलासला राजम्याचा व्यापार करणारी. तुर्गुनाली फोनचा आवाज नेहमीच मोठा ठेवतो, म्हणजे तो किती महत्त्वाच्या माणसांशी बोलतो ते इतरांना ऐकू जावं.

“आक्साकाल,” वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं म्हणून तिने विचारलं, “गाडी तुमच्या नावावर आहे का?”

“माझ्या नाही तर कोणाच्या असणार?”

“मग नोंदणीपत्राचा फोटो पाठवा. आणि चेसिसच्या नंबरचा. कुठे तारण वगैरे तर नाही ना, ते मी आधी बघणार.”

तुर्गुनालीने चहाचा वाडगा खाली ठेवला. “बाई, तू गाडी घेतेयस की जावई?”

“गाडीच. जावई दोन आहेत, पुरे झाले. हे बघा, मी स्वतः येते. तुमच्याकडच्या नोंदणी कार्यालयात आपण दोघं जाऊ. शेजारी बँक असेलच. माझे पैसे तुमच्या खात्यात जातील, ते आलेले तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मग सही करा. गाडी माझ्या नावावर झाली की चावी घेईन. तिथे भेटेपर्यंत तुम्ही मला काही देऊ नका, मीही तुम्हाला काही देणार नाही.”

“तलासहून इथे येणार? वाटेत सगळे घाट बर्फात आहेत.”

“बस येते ना? मग मीही येते.”

इतकं सरळ बोलणं मी फार दिवसांनी ऐकलं होतं. बातमा मान हलवत होती. तुर्गुनाली मात्र लाल झाला. “माझ्या शब्दावर भरवसा नसेल तर गाढव विकत घे,” असं म्हणून त्याने फोन बंद केला. मग आमच्याकडे वळला. “घोड्याचे दात तपासावेत तसं बोलते ती माझ्याशी.”

“तुम्हीही दात तपासूनच घोडा घेत होता ना, आबा?” बातमा म्हणाली.

“मी घोड्याचे तपासत होतो. मालकाचे नाही.”

दुसरा फोन नुरमातचा. तो माणूस फोनवर दिसत होता, म्हणजे निम्माच दिसत होता, कारण त्याचा कॅमेरा खिडकीकडे होता आणि तोंडावर अंधार. पण आवाज लोण्यासारखा. आधी तब्येत विचारली, मग नातवंडांची, मग हिवाळा कसा गेला ते. नंतर म्हणाला, “तुर्गुनाली आक्साकाल म्हणजे लोकर केंद्राचे प्रमुख तुम्हीच ना? माझे वडील तुमचं नाव काढायचे.”

तुर्गुनालीने घरातल्या घरात लोकरीच्या नमद्याची पांढरी टोपी डोक्यावर चढवली.

“तुझे वडील काय करायचे?” बातमाने मागून विचारलं.

“लोकरीचंच काहीतरी, एजे.” बातमाला त्याने लगेच ताई करून टाकलं.

लोकर केंद्र, नातवंडं, टोपी हे सगळं तुर्गुनालीने स्वतःच इंटरनेटवर स्वतःच्या पानावर लिहून ठेवलेलं होतं, फोटोंसकट. ते वाचायला कोणालाही लोकरीचा बाप लागत नाही. नुरमात पहिल्या दिवशी ओशचा होता, दुसऱ्या दिवशी उझगेनचा झाला. बातमाने ते दाखवून दिलं, तर तुर्गुनाली म्हणाला, “माणूस फिरतीवर असतो.” नुरमातने घासाघीस केली नाही. साडेसहा लाख म्हटलं, तर साडेसहा लाख. ज्याचं आयुष्य जनावरांच्या बाजारात गेलं असं तो सांगतो, त्याला घासाघीस न करणारं गिऱ्हाईक भेटलं की घाम फुटायला हवा. तुर्गुनालीला अभिमान फुटला.

“खानदानी माणूस आहे,” तो मला भिंतीवरून म्हणाला. “मुगालिम, तुम्ही शाळेत असली मुलं का नाही घडवलीत?”

“घडवली असतील,” मी म्हणाले. “तुम्हाला फोन करणारी वेगळी आहेत.”

नुरमातची एकच अडचण होती. त्याला इतक्या लांब यायला जमत नव्हतं, कझारमनचा घाट बंद. तो एक ड्रायव्हर पाठवणार होता. आणि आक्साकालांनी या वयात कार्यालयाच्या रांगेत का उभं राहावं? नोटरीकडे जाऊन त्याच्या नावाने सर्वाधिकाराचं मुखत्यारपत्र करून द्यावं, बाकी तो बघून घेईल. आमच्याकडे हा रोग जुनाच आहे. निम्म्या गाड्या अशाच फिरतात, कागदावर एकाच्या आणि स्टिअरिंगवर दुसराच. मग वर्षानुवर्षं सिग्नल तोडल्याचे दंड विकणाऱ्याच्या घरी येत राहतात आणि तो दारात उभा राहून सांगतो की गाडी माझी नाही. हे तुर्गुनालीला ठाऊक होतं. आमच्याच गल्लीत दोघांना ते भोगावं लागलंय.

“आबा, मुखत्यारपत्र दिलंत म्हणजे गाडी दिलीत,” बातमाने बजावलं. “पैसे येण्याआधी कागद नको.”

“कागद करायचा आहे, द्यायचा नाही. ड्रायव्हर येईल तेव्हा देईन.”

“आणि पैसे?”

“तेव्हाच येतील. मी काय मूर्ख आहे?”

या प्रश्नाचं उत्तर बातमाने दिलं नाही. मुलगी होती ती त्याची. मी शेजारीण आहे, मला उत्तर देता आलं असतं, पण मला कोणी विचारलं नव्हतं.

ड्रायव्हर एका सकाळी आला. जानताय नावाचा, कोचकोरचा साधा माणूस. त्यालाही हे काम फोनवरूनच मिळालेलं, मजुरी गाडी पोचल्यावर. तुर्गुनालीने जेवणाचं दस्तरखान अंथरलं, तळलेले बोर्सोक, साय, मध, सगळं मांडलं. गल्लीतल्या चार म्हाताऱ्यांना बोलावलं. मलाही बोलावलं, कारण अशा वेळी त्याला प्रेक्षक कमी पडतात. फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि त्यात नुरमातचं निम्मं तोंड.

“आक्साकाल,” नुरमात म्हणाला, “पैसे मी आत्ता पाठवतो. पण त्याआधी तुमच्या तोंडून दुवा मिळू द्या. बिनदुव्याची गाडी मी दारात कशी आणू?”

हे मात्र त्याने फार हुशारीने केलं, हे मला मान्य करावं लागेल. कारण आमच्यात दुवा दिला म्हणजे व्यवहार झाला. चार म्हाताऱ्यांसमोर हात पसरून दिलेला दुवा कोणी मागे घेत नाही. मागे घेणाऱ्याच्या घरी पुढे कोणी चहाला जात नाही. त्या माणसाने आमचं सगळ्यात चांगलं जे आहे तेच हत्यार म्हणून वापरलं, आणि तुर्गुनालीने ते स्वतः धार लावून त्याच्या हातात दिलं. हात पसरले, डोळे मिटले, लांबलचक दुवा दिला. रस्ता सरळ असो, चाकं शाबूत असोत, मुलंबाळं भरपूर होवोत. म्हाताऱ्यांनी तोंडावरून हात फिरवले. जानताय बिचारा बोर्सोक तोंडात तसाच ठेवून थांबला होता.

तेवढ्यात फोनवर एक चित्र आलं. बँकेची हिरवी खूण, साडेसहा लाख सोम, तुर्गुनालीचं नाव, तारीख.

“आले,” तुर्गुनाली म्हणाला.

बातमाने त्याच्या हातून फोन घेतला आणि त्याचं खातं उघडलं. “चित्र आलंय, आबा. पैसे आलेले नाहीत.”

“हे काय लिहिलंय मग?”

“हे त्याने पाठवलंय. बँकेने नाही. खात्यात काही नाही, हे बघा.”

“एजे, बँकेला वेळ लागतो,” तिच्या हातातल्या फोनमधून परत आवाज आला. “दुपारपर्यंत दिसेल.”

“मग दुपारपर्यंत ड्रायव्हर चहा पिईल,” बातमा म्हणाली.

म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. तुर्गुनालीने हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “दुवा दिल्यावर माणसाला भिकाऱ्यासारखं दारात बसवू? मला मान खाली घालायला लावशील?”

पहिलीच्या मुलांना मी फळ्यावर सफरचंद काढून दाखवायचे. इतक्या वर्षांत एकाही मुलाने ते चावून बघितलं नाही. सात वर्षांच्या मुलाला जे कळतं ते लोकर केंद्राच्या प्रमुखाला सांगायला गेलं की त्याची मान खाली जाते. मी म्हणाले, “तुर्गुनाली, दुपार फार लांब नाही.” तो म्हणाला, “मुगालिम, तुम्ही बोर्सोक घ्या.”

त्याने मुखत्यारपत्र दिलं, नोंदणीपत्र दिलं, चावी दिली. बातमा भिंतीला टेकून उभी होती. ती ओरडली नाही, रडली नाही. फक्त फोनवर ते खातं परत परत उघडत होती आणि मला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. ती भट्टी मी तिच्या फोनवर इतक्या वेळा पाहिली होती की तिची बटणंसुद्धा मला पाठ झाली होती.

जानताय हात धूत होता, तेवढ्यात तुर्गुनाली पेचकस घेऊन गाडीच्या मागे गेला आणि मागची नंबराची पाटी काढून कोटाखाली लपवली. मी पाहिलं. त्याने ओठांवर बोट ठेवलं.

“म्होरकी,” तो कुजबुजला. “बरकत नको जायला.”

इतक्या मोठ्या मूर्खपणाच्या शेजारी हा छोटासा मूर्खपणा मला मोजावासाही वाटला नाही. गाडी गेली. पाटी तबेल्यात खिळ्याला लागली, लाल घोड्याच्या म्होरकीशेजारी.

दुपार झाली. खातं रिकामंच होतं. बातमाने नुरमातला फोन लावला, तो बंद. परत लावला, बंद. तुर्गुनाली म्हणाला, घाटात असेल. बातमा म्हणाली, घाटात तो कशाला असेल, घाटात तर आपली गाडी आहे. मग ती माझ्याकडे आली. नोटरी माझी जुनी विद्यार्थिनी, म्हणून मी बरोबर गेले. तुर्गुनालीला बातमाने बाहीला धरून आणलं. मुखत्यारपत्र रद्द करायची सही त्याने केली, पण तीन वेळा म्हणाला की माणूस खानदानी आहे. नोटरीने नुरमातच्या पासपोर्टचा नंबर तपासला. तो पासपोर्ट हरवल्याची तक्रार त्याच्या खऱ्या मालकाने केव्हाच नोंदवलेली होती.

“मग खानदान कोणाचं?” नोटरीने विचारलं.

कागद रद्द झाला, पण गाडी तर रस्त्यावर होती. कोचकोरच्या पुढे गेली की सुटे भाग होऊनच सापडली असती. बातमा पोलिसांकडे निघाली तेवढ्यात फोन वाजला. जानतायचा.

“आक्साकाल, तुम्ही माझ्यावर कसला सूड उगवलात? कोचकोरच्या नाक्यावर अडवलंय मला. मागे पाटीच नाही म्हणतात. चोर समजून बसवून ठेवलंय. त्या तुमच्या नुरमातला फोन करतोय, तो उचलत नाही.”

बातमा तिथल्या तिथे, नोटरीच्या पायरीवर बसली आणि हसू लागली. मग डोळे पुसून उठली, घरी गेली, तबेल्यातून पाटी काढून पिशवीत टाकली आणि भाड्याची गाडी बोलावली. तुर्गुनाली पुढच्या सीटवर बसला. डोलोनचा घाट चढताना तो गप्प होता. उतरताना बोलू लागला.

नाक्यावरच्या तरुण पोलिसाने विचारलं, “आक्साकाल, मागची पाटी कुठे होती?”

“तबेल्यात.”

“कुठे?”

“लाल घोड्याच्या म्होरकीशेजारी.”

पोलिसाने चेहरा सरळ ठेवून ते लिहून घेतलं आणि गाडी चावी-कागदांसकट परत दिली. बातमाने जानतायला त्याच्या दिवसाची मजुरी दिली. तीही तिच्याच पैशांतून.

आता कोणाला वाटेल की असा माणूस चार दिवस तरी घराबाहेर पडणार नाही. दुसऱ्याच सकाळी तुर्गुनाली बाजारात उभा होता. “मला पहिल्या फोनलाच संशय आला होता,” तो सांगत होता. “म्हणून तर मी म्होरकी काढून घेतली. त्याला वाटलं गाडी सुटली. पण म्होरकी कोणाकडे?” लोक मान डोलवत होते. आठवड्याभरात अख्ख्या नारिनला कळलं की तुर्गुनालीने एका पाटीने चोराला बांधून ठेवलं. माणूस शहाणा झाला की त्याला धडा मिळाला असं मी शाळेत म्हणायचे. काही माणसांना धडा मिळाला तरी ते तो विकायला काढतात.

बातमाने त्याच्याशी वाद घातला नाही. तिने सैराकानला फोन केला.

“मला वाटलंच होतं,” सैराकान म्हणाली. “बाप रागावला की मुलीचा फोन येतो. गाडी आहे ना अजून?”

“आहे. तुम्ही म्हणालात तसंच करू. आणि फोटो मी आत्ता पाठवते.”

“पाठव. आणि पोरी, माझ्याबद्दलही विचारून घे तलासला. मी कोण ते तुला तरी काय माहीत?”

महिना संपायला थोडेच दिवस उरले असताना ती बसने आली. ठेंगणी, रुंद, गुडघ्यापर्यंत बूट, हातात राजम्याची पिशवी भेट म्हणून. गाडीभोवती फिरली, खाली वाकून बघितलं, टायरला लाथ मारली. तुर्गुनालीला ‘सलाम, आक्साकाल’ एवढंच म्हणाली. मग आम्ही चौघं नोंदणी कार्यालयात गेलो. शेजारीच बँक होती, आधी तिथे शिरलो.

तुर्गुनालीने आत शिरताच हात पसरले. “आधी दुवा...”

“हात खाली, आक्साकाल,” सैराकान म्हणाली. “दुवा शेवटी. पैसे कोणत्या खात्यात?”

“माझ्या.”

“माझ्या,” बातमा म्हणाली.

तुर्गुनालीने तिच्याकडे असं बघितलं जणू ती दुसऱ्या कोणाची मुलगी आहे. “गाडी माझ्या नावावर आहे. पैसे घराचे. घरात आले की बघू भट्टीचं.”

मी या माणसाला ओळखते. ‘बघू’ म्हणजे एक घोडा आला असता. कदाचित दोन. बँकेतल्या मुलीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. सही त्याची लागणार होती आणि तो खुर्चीत मागे रेलून बसला होता. सैराकान म्हणाली, “तुमचं आधी ठरवा. माझी परतीची बस दुपारची आहे.”

बातमाने पिशवीत हात घातला आणि नंबराची मागची पाटी काढून मांडीवर ठेवली. गाडी दारात लावल्यावर तिने ती काढून आणली होती.

“ही शेजारी नोंदणीच्या खिडकीत जमा केल्याशिवाय गाडी कोणाच्याच नावावर होत नाही, आबा.”

“दे इकडे.”

“म्होरकी ज्याच्या हातात, बरकत त्याची ना? सगळ्या बाजाराला तुम्हीच सांगितलंत. चोराची गाडी कोचकोरला कशामुळे अडली? मी सांगू सगळ्यांना की त्यात काही अर्थ नव्हता? तुम्ही पाटी काढलीत तेव्हा तुम्हाला कसलाही संशय आला नव्हता आणि गाडी नशिबाने वाचली?”

बँकेत रांग होती. रांगेतल्या निम्म्या लोकांनी ती गोष्ट बाजारात ऐकलेली होती आणि सगळे आता इकडेच बघत होते. तुर्गुनालीने टोपी काढली, परत घातली. गाडीचे पैसे सोडणं त्याला जड जात होतं, पण ती गोष्ट सोडणं त्याहून जड होतं. शेवटी तो घसा खाकरून, रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, “लिहा. मुलीच्या खात्यात. म्होरकी मीच तिच्याकडे दिली होती.”

पैसे आले. बातमाने फोनवर पाहिले, बँकेतल्या मुलीकडून कागदावर पाहिले, मग मान हलवली. शेजारी जाऊन तुर्गुनालीने सही केली, पाट्या खिडकीत गेल्या, सैराकानच्या नावाचं नवं नोंदणीपत्र बाहेर आलं. तिने ते दोनदा वाचलं. मगच तिने चावी घेतली आणि म्हणाली, “आता द्या दुवा. मोकळ्या मनाने.” तुर्गुनालीने दुवा दिला, तो अगदी आखूड होता. पसरलेले हात त्याने लगेच मिटले.

भट्टी महिना संपायच्या आत आली. दुकान सुरू झालं. सकाळी शाळा भरायच्या आधी मुलं खिडकीशी गरम नान घेतात आणि तुर्गुनाली रांगेपाशी उभा राहून दूरच्या माणसाला गाडी कशी विकावी ते सांगतो. पैसे आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा, चित्रावर जाऊ नका, मुखत्यारपत्र कोणाला देऊ नका. शब्द सगळे सैराकानचे आणि बातमाचे. अभिमान त्याचा.

परवा तिथेच बातमाचा फोन वाजला. सैराकान होती. गाडी उत्तम चालते म्हणाली, मग म्हणाली, “पोरी, मागचं एक रबरी पायपुसणं कमी आहे. माझं काही अडलेलं नाही, पण मी चारांचे पैसे दिलेत.”

बातमाने फोन ठेवला आणि बापाकडे पाहिलं. तो आकाशात ढग शोधू लागला. ती दुकान मला सांभाळायला सांगून घरी गेली. पायपुसणं तबेल्यातच होतं, लाल घोड्याच्या म्होरकीशेजारी, त्याच खिळ्याला. तिने ते काढलं, झटकलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं, वर दोन नान ठेवले आणि तलासच्या बसवाल्याकडे दिलं.

“बरकत घालवलीस,” तुर्गुनाली म्हणाला.

“ती विकलेली होती, आबा,” बातमा म्हणाली आणि पुढच्या मुलाला विचारलं, किती हवेत.